आदोळी थांबली की

परबबाबांच्या घरी कॉफी प्यायला जायचं म्हणजे पाऊण तासाची सोय करून जायचं. "वाईच कॉफी घेवन जा गो" असं ते म्हणत, पण त्यातलं 'वाईच' नुसतं बोलण्यापुरतं. चहा प्यायला माणूस उभ्या उभ्या येतो. त्यांच्या कॉफीला बूड टेकवून बसावं लागे, आणि बोलणं बंद ठेवावं लागे. मला दुसरं जास्त जड जायचं.

किटली जर्मनीहून आलेली. पोर्तुगीज अमलात खाणीवर एक जर्मन इंजिनियर होता, परत जाताना तो ती परबबाबांना देऊन गेला. दिसायला चहाच्या किटलीसारखीच, जरा उंच. आत एक पोकळ नळी, नळीच्या वरच्या टोकाला भोकं पाडलेला डबा, डब्यात कॉफीची भरड. खालचं पाणी तापलं की नळीतून उसळी मारून वर यायचं, भरडीवर सांडायचं, गळून पुन्हा खाली. बुडुक, बुडुक, बुडुक. झाकणाच्या मधोमध काचेचं एक बोंड होतं. वर उसळलेलं पाणी त्या बोंडात दिसे. आधी नुसतं पाणी, मग गवती चहासारखं फिकट, मग गुळाच्या रंगाचं. गुळाचा रंग आला की स्टोव्ह बंद. पुढे अर्धं मिनिट गेलं तर कडू जहर.

"घड्याळ खोटा बोलात, रंग खोटा बोलूचो नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कॉफीलाही तेच आणि खनिजालाही तेच.

मी तेव्हा डिचोलीजवळच्या एका खाणीच्या लॅबोरेटरीत नवीन लागले होते. कारापूरची मुलगी, बीएस्सीचा कागद ताजा, आणि तोंड त्याहून ताजं. परबबाब तिथले मुख्य अॅनालिस्ट. मूळ इब्रामपूरचे, पेडण्याच्या अगदी टोकाला, ओढा ओलांडला की महाराष्ट्र. शिक्षण म्हणाल तर पोर्तुगीज शाळेच्या चार यत्ता. बाटल्या धुवायला लागलेला हा माणूस पाहून पाहून शिकला आणि मोठमोठ्या डिग्रीवाल्यांच्या डोक्यावर बसला. पहिल्या दिवशी मी विचारलं, "परबबाब, तुम्ही केमिस्ट्री कुठे केली?" तर म्हणाले, "मोरीर."

बिया बेळगावहून येणारा एक ट्रकवाला आणून द्यायचा. त्या घरी तव्यावर भाजायच्या, खलबत्त्यात कुटायच्या आणि मग चाळायच्या. चाळण कसली? लॅबोरेटरीतून बाद झालेली, खनिज चाळायची पितळी चाळण. पहिल्यांदा मी त्यांच्याकडे कॉफी प्यायले तेव्हा दाताखाली कचकच आली. "बाब, ही कॉफी आहे की आपला माल?" असं मी बोलूनच गेले. वयनी, म्हणजे त्यांची बायको शेवंतीवयनी, पदर तोंडाला लावून हसायला लागली. परबबाब गंभीर. उठले, चाळण खिडकीशी नेऊन उजेडात फिरवली, ब्रशाने जाळीचं एकेक भोक साफ केलं. "सात पावटी धुतलंय, तरी लोखंड सुटणा नाय," म्हणाले. डिचोलीत तेव्हा सगळंच तांबडं असायचं, केळीची पानं, वाळत घातलेले कपडे, माणसांची नाकं. कॉफीने काय घोडं मारलं होतं?

चाळणीबद्दलही त्यांचं एक वाक्य होतं. "वर रवता ती कॉफी, खाली पडता ती माती." बारीक पूड किटलीत घातली की भोकांतून खाली उतरते आणि गाळ होतो, म्हणून ते फक्त भरड घेत. खालची 'माती' वयनी गुपचूप डब्यात भरून ठेवी, गूळ घालून उकळी, आणि पोदेराकडच्या, म्हणजे पाववाल्याकडच्या, कडक काकणपावांबरोबर मला देई. खरं सांगू? मला तीच जास्त आवडायची. परबबाबांना हे कधी सांगितलं नाही.

आता कामाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. खनिजात लोखंड किती, हे काढायचं म्हणजे ते आम्लात विरघळवून फ्लास्कमध्ये घ्यायचं आणि वर लावलेल्या ब्युरेटच्या काचेच्या नळीतून थेंब थेंब द्रावण सोडायचं. फ्लास्कमधलं पाणी हिरवं असतं. एक थेंब असा येतो की हिरवं एकदम जांभळं होतं. त्या थेंबाला तोटी बंद. किती द्रावण गेलं ते वाचायचं, त्यावरून आकडा. एक थेंब पुढे गेला तर आकडा चुकला. आणि आकड्याखाली सही परबबाबांची. त्यांच्या सहीशिवाय बंदरावर माल हलत नसे. डिग्री नव्हतीच त्यांच्याकडे, होता तो डोळा. तो गेला की माणूस पुन्हा मोरीवर.

ते भाषेच्या आंदोलनाचं वर्ष. कोकणी की मराठी, यावरून घराघरात ताटं आपटत होती. आमच्या लॅबमध्ये नमुने गोळा करणारे दोघे होते, गुरुदास आणि शांबा. गुरुदास कोकणीवाला, शांबा मराठीवाला. एका डब्यातून जेवणारे, त्या वर्षी पाण्याचे माठसुद्धा वेगळे केले. दोघांनाही परबबाब आपल्या बाजूला हवे होते. इब्रामपूरच्या बोलीला काय म्हणायचं, हा प्रश्न दोघांनीही आपापल्या परीने सोडवला होता.

एका रविवारी सकाळी दोघे एकाच वेळी सह्यांचे कागद घेऊन परबबाबांच्या घरी थडकले. मी तिथे होतेच. किटली स्टोव्हवर चढलेली, परबबाब समोर पाटावर, नजर बोंडाकडे. आत स्वयंपाकघरात वयनी आदोळीवर, म्हणजे खवणीच्या विळीवर, बसून नारळ खवणत होती. खर्र, खर्र, खर्र. गुरुदासने सुरुवात केली, "बाब, तुमी घरांत उलयतात ती कोंकणीच न्हय?" शांबा उसळला, "अरे, ते आरती म्हणतात ती कसली? पत्र लिहितात ते कसलं?" आवाज चढत गेले. एकाने दुसऱ्याचा आजा काढला. दुसऱ्याने पहिल्याच्या मामाची सोयरीक काढली. आणि परबबाब ओरडले, "गप रवात! दोघय गप रवात!"

मी या माणसाला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. लॅबमध्ये आम्लाची बाटली फुटली तरी ते "पाय मागे घे" एवढंच म्हणायचे. दोघे चूप झाले. त्या शांततेत मला दिसलं की बोंडातलं पाणी गुळाचा रंग केव्हाच ओलांडून डांबरासारखं काळं झालंय, आणि परबबाब त्याच्याकडे टक लावून बघतायत. अगदी समोर, हातभर अंतरावर. मान मात्र किंचित आतल्या खोलीकडे वळलेली, कान देऊन.

आतली आदोळी थांबलेली होती. केव्हाची थांबलेली होती, कोणास ठाऊक.

कॉफी कडू जहर झाली. गुरुदास आणि शांबाने भीतीने संपवली. परबबाबांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. मी कप उचलून आत गेले. वयनी आदोळीवर तशीच बसलेली, अर्धी वाटी हातात.

"वयनी, बाबांना दिसत नाही?"

तिने माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. "हळू बोल. तुका कसा कळला?"

मी सांगितलं. ती खालच्या आवाजात बोलायला लागली. वर्ष झालं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माणसं दिसत, वाट दिसे, पण रंग सगळे मळक्या पाण्यासारखे. ऑपरेशनचं नाव काढू देत नव्हते, कारण त्यांच्या वडिलांचा डोळा ऑपरेशननंतर कायमचा गेला होता. "माका तेंनी सांगूक नाय. मी कॉफीवरसून वळाखलंय. एक दिवस पांचट, दुसऱ्या दिसा कडू. मगे मी हय आदोळी घेवन बसाक लागलंय. दारातसून ता बोंड दिसता. रंग इलो की मी थांबतंय, तेच्यावरसून ते वळाखतत."

"म्हणजे त्यांना माहीत आहे?"

"ना गो! तेंका वाटता, मी नारळच खवणतंय, एक वाटी संपता तेवाच कॉफी जाता." मग ती एकदम वैतागली. "घरात दोन माणसां. रोज नारळ. सोलकढी पिवन पिवन माझा पोट थंड पडला!"

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण घरी आदोळी होती. लॅबमध्ये काय होतं? वर्षभर हा माणूस थेंब कशावर थांबवत होता?

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या शेजारी उभी राहून पाहिलं. ब्युरेट लावलेलं, डाव्या हाताने फ्लास्क हलवतायत, उजवा हात तोटीवर. ते थेंब मोजत होते. आधीच्या नमुन्याला किती लागलं त्यावरून अंदाज, शिवाय फ्लास्कमागे उभा केलेला पांढरा कागद. बहुतेक वेळा बरोबर यायचं. पण कपाळावर घाम होता. पंधरा महिने होते निवृत्तीला. हातात दोन काचेच्या बांगड्या होत्या. पाणी जांभळं झालं तसा मी हात हलवला. किण्ण. त्यांनी तोटी बंद केली.

झालं, तो आमचा कारभार सुरू झाला. मी शेजारी उभी राहून वही भरण्याचं नाटक करी. रंग फिरला की किण्ण, तोटी बंद. त्याबद्दल आम्ही चकार शब्द बोललो नाही. मला रात्री झोप लागेना. कोणी मॅनेजर मागे येऊन उभा राहिला की माझ्या तळहाताला घाम फुटे. आई म्हणे, "सोन्याची एक कर, काच सारखी फुटते." मी म्हणे, नको. सोनं वाजत नाही.

मग ती खेप आली. बंदरावर खरेदीदाराच्या माणसांनी काढलेला आकडा आणि परबबाबांचा आकडा जुळेना. खरेदीदाराचा सर्व्हेयर येणार, त्याच्यासमोर परबबाबांनी पुन्हा काढून दाखवायचं, असं ठरलं. दिवस ठरला तो नेमका बंदचा निघाला. कारापूर ते डिचोली एकही गाडी नाही. मी पहाटे चालायला लागले. रस्त्यात दोन ठिकाणी झाडं तोडून आडवी टाकलेली. दुसरं आंब्याचं होतं, भलं जाड. त्यावर चढताना पाय सटकला, हात फांदीवर आपटला आणि दोन्ही बांगड्या फुटल्या. मनगटातून रक्त येत होतं. मी तिथेच रस्त्यावर बसून रडले, आणि ते रक्तासाठी नव्हतं.

पोचले तेव्हा उशीर झाला होता. मॅनेजर होते, सर्व्हेयर आलेला होता, कसाबसा जीपने आडवाटेने, त्यामुळे आधीच चिडलेला. मुंबईकडचा, जाड अंगठ्यांचा. परबबाबांनी पाहुण्यासाठी घरून थर्मासमधून कॉफी आणली होती, ती त्याच्या हातात कपबशीत. ब्युरेट लागलेलं. मला पाहून परबबाबांचा चेहरा सैल झाला. "इलंस? उभी रव हय," म्हणाले, आणि तोटी फिरवली.

मी त्यांच्या शेजारी उघड्या मनगटाने उभी. काय वाजवू? खोकू? खोकल्याचा अर्थ त्यांना कसा कळणार? टेबलावर काचेची कांडी पडली होती, ती घ्यायला मी हात पुढे केला. फ्लास्कमधलं पाणी हिरवं. थेंब. हिरवं. थेंब. तेवढ्यात सर्व्हेयरने कॉफीचा शेवटचा घोट घेऊन कप बशीत ठेवला.

किण्ण.

परबबाबांनी तोटी बंद केली. फ्लास्क उचलून सगळ्यांना दिसेल असा धरला. "झाला," म्हणाले.

फ्लास्कमध्ये तळ्याच्या पाण्यासारखं हिरवंगार.

मग सर्व्हेयर म्हणाला, "अहो, हे हिरवंच आहे की अजून!"

माझं तोंड कधी नव्हे ते वेळेवर चाललं. "सर, माझी चूक. मी इंडिकेटर घालायला विसरले. ते घातल्याशिवाय रंग बदलतच नाही. माझीच चूक."

मॅनेजर माझ्यावर वळले. "एवढ्या महत्त्वाच्या दिवशी? तुम्हाला कामावर ठेवायचं कशाला?"

"साहेब," परबबाब म्हणाले. त्यांनी फ्लास्क खाली ठेवला, अगदी हळू, टेबलाची कड बोटांनी चाचपून. "ह्या चेडू खोटा सांगता. ता आता इला. इंडिकेटर मी घातलंय. माका रंग दिसणा नाय. वर्ष झाला."

बाहेर रस्त्यावर कुठल्याशा मिरवणुकीच्या घोषणा चालल्या होत्या. कुठल्या बाजूच्या, तेही मला आठवत नाही.

"दुसरो फ्लास्क आता सुलभा करतली," ते म्हणाले. "मी भायर बसतंय." आणि बाहेर जाऊन बाकावर बसले.

मी केलं. डोळ्यांत पाणी येत होतं, ते पुसत पुसत केलं. आकडा परबबाबांच्या जुन्या आकड्याशी जुळला. ब्युरेटवर फक्त अर्ध्या रेघेचा फरक, माझा जास्त, म्हणजे एका थेंबाचा. सर्व्हेयरने सही केली, चूक बंदरावरच्या माणसांची ठरली. आकडा टिकला, पण परबबाब टिकले नाहीत. काढून टाकायची वेळ त्यांनी येऊच दिली नाही. दुसऱ्या दिवशी चार ओळींचा कागद देऊन चाळण आणि किटली घेऊन इब्रामपूरला गेले. मॅनेजरांनी थांबा म्हटलं नाही. मला इतका संताप आला की त्या दिवशी मी गुरुदासच्या आणि शांबाच्या, दोघांच्याही माठांतलं पाणी ओतून टाकलं. बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता.

एका गोष्टीचा छडा मात्र मला लागेना. तो अर्ध्या रेघेचा फरक. पुढे मी जुन्या नमुन्यांतले काही पुन्हा काढून पाहिले. दर वेळी माझा आकडा त्यांच्यापेक्षा एक थेंब जास्त. रंग तर दोन्ही वेळा माझ्याच डोळ्यांनी पाहिलेला!

गोवा राज्य झालं त्या वर्षी, गणपतीची चवथ उरकल्यावर, मी बस बदलत बदलत इब्रामपूरला गेले. परबबाब अंगणात उभे होते. डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. वयनीने अखेर हट्टाने ऑपरेशन करवून घेतलं होतं, दोन्ही डोळ्यांचं. लांबूनच ओरडले, "गो सुलभा! हिरवी साडी नेसलस ती!"

मी तिथेच उभी राहिले.

मग कॉफी. तीच किटली, तोच स्टोव्ह, पाट. नवा कोरा डोळा असल्यासारखे ते भरड बोटांनी चिवडून दाखवत होते. "हो बघ दाणो, हो तपकिरी, हो काळसर. माका सगळे एकच दिसत." मी धीर करून विचारलं, "बाब, जुन्या आकड्यांत माझ्यापेक्षा नेहमी एक थेंब कमी कसा?"

ते हसले. मला वाटतं, मी त्यांना मनापासून हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "तुझी बांगडी एक थेंब उशिरा वाजा. तू जांभळा पुरा होयसर रवतस. रंग बदलूक लागता तेवाच थांबाचा. म्हणान मी दर पावटी एक थेंब वजा करी."

म्हणजे त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. मी वही भरण्याची नाटकं करत होते आणि हा माणूस माझी चूक पोटात घालून वर ती दुरुस्तही करत होता!

"आणि वयनी..." मी बोलायला लागले. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

आत वयनी आदोळीवर बसली होती. तिला कोण सांगणार की आता गरज नाही? खर्र, खर्र, खर्र. किटली बुडुक बुडुक करायला लागली. बोंडात पाणी चढलं, फिकट झालं, गवती चहा झालं. परबबाबांची नजर बोंडावर होती, जाड भिंगांतून डोळे मोठे मोठे दिसत होते. गुळाचा रंग आला. मला दिसला, म्हणजे त्यांना माझ्या एक थेंब आधी दिसला असणार.

त्यांनी हात हलवला नाही. मान किंचित आतल्या खोलीकडे वळवून बसून राहिले. बुडुक. बुडुक.

आदोळी थांबली. मग त्यांनी स्टोव्ह बंद केला आणि आत हाक मारली, "शेवंती, ये गो, कॉफी झाली."